धुळ्याच्या अक्कांची गाठ

मेहरूणहून निघताना मी देवाला हात जोडले नाहीत, थोरल्या भावाच्या बुटांना जोडले. कापडी, पांढरे, मला बोटभर सैल. नव्वदच्या आसपासची गोष्ट. वनरक्षकाच्या भरतीसाठी धुळ्यात चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं होतं. आदल्या खेपेला पंधराव्या किलोमीटरला मी रस्त्याकडेला बसलो आणि परीक्षकांच्या जीपमधून नवरदेवासारखा परत आलो. आता वयाची अट संपत आली होती. पुन्हा बसलो तर कायमचाच बसणार होतो.

पारोळ्याला एसटी थांबली. तिथला किल्ला लोक बघतात. मी बूट काढून अंगठा बघितला. मेहरूणच्या तलावाभोवती सराव करून नख काळंनिळं झालं होतं. शेजारच्या सीटवरच्या एका आबांनीही वाकून पाहिलं.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"चालण्याची परीक्षा आहे, आबा."

"मग गाडीमा काबरं बठना?" (मग गाडीत कशाला बसलास?)

मी बूट परत चढवला.

धुळ्यात वडिलांच्या ओळखीचे नाना होते, निवृत्त हवालदार. पोट दारातून आधी बाहेर यायचं, मागून नाना. त्यांच्या पत्नी अक्कांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि फौजदारी नावाची झणझणीत डाळ वाढली. हवालदाराच्या घरी फौजदारी डाळ हा विनोद मी केला. कुणी हसलं नाही.

जेवण झाल्यावर नानांनी माझे बूट मागितले.

"पोलिसात बूट असा आवळतात की रक्तसुद्धा परवानगी मागून पुढे जातं!" म्हणत त्यांनी तळापासून नाडी अशी ओढली की माझे डोळे पांढरे झाले. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. येताना पाऊल माझं होतं की शेजाऱ्याचं, ते कळेना.

अक्का पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. "ऱ्हाऊ द्या तुम्ही," त्या नानांना म्हणाल्या आणि माझ्यापुढे बसल्या. "तीस वरीस यास्ना बूट मीच बांध्यात. यास्ले वाकता येस कोठे?" (यांना वाकता येतं कुठे?)

नाना खिडकीबाहेर बघू लागले.

अक्कांनी नाडी पूर्ण काढली. बोटांकडची भोकं सैल ओवली. पावलावर जिथे हाड वर येऊन दुखत होतं, तिथे नाडीची फुली घातलीच नाही. दोन्ही बाजूंनी सरळ वर नेली. सगळ्यात वरच्या दोन भोकांत दोन्हीकडे लहान फासे ठेवले, समोरची टोकं त्यांतून काढली आणि ओढली. टाच बुटात घट्ट बसली.

"टाच हालनी नही, म्हंजे बोट पुढे जाई आपटस नही," त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो. बोटं हलत होती आणि बूट मात्र जागच्या जागी.

सकाळी साक्री रस्त्यावर आम्ही चाळीसेक जण सुटलो. पंधराव्या किलोमीटरला ती जीप माझ्याशेजारून हळू चालू लागली. ड्रायव्हरने मला ओळखलं असावं. त्याने मागचा दरवाजा उघडासुद्धा ठेवला. मी त्याला हातानेच नको म्हटलं आणि चालत राहिलो. उताराला नखाची भीती वाटत होती, पण अंगठा आपटला नाही. शेवटच्या दोन किलोमीटरला मांड्या रडत होत्या, पावलं नाही. वेळ संपायला सहा मिनिटं असताना मी पोचलो.

नानांच्या घरी आलो तर ते ओट्यावर गल्लीला सांगत होते, "माझी शिकवण!"   मी बूट काढून ठेवले, तशा अक्का इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "माले घाली दे रे जरा."

नाडी मीच बांधली, त्यांच्यासारखीच. नऊवारीचा काष्टा सावरत त्या ओट्यावरून उतरल्या, नानांच्या समोरून गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि वळून आल्या. 

"असं लागस व्हय हाई!" अक्का स्वतःशीच म्हणाल्या. (असं वाटतं होय हे!)

दुपारच्या गाडीने परत निघालो. नोकरीचा निकाल यायचा होता, आणि मांड्या अजून बोलत होत्या. पण डोक्यात तेच घोळत राहिलं. तीस वर्षं दुसऱ्याचे बूट बांधणाऱ्या बाईला, तुला घालून बघायचेत का, असं कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ते तिलाच मागावे लागले.