रंगाचा आणखी एक हात

आमच्या नॉरिस अ‍ॅक्रॉइडनं आयुष्यभर शवपेट्या बनवल्या आणि एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि सांगून झाल्यावर हसत नाही. हसायचं की नाही ते समोरच्यानं ठरवायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खो खो हसले. त्याला ते आवडलं असावं, कारण लगेच त्यानं मला त्याच्या डब्यातल्या गाद्या शिवायला बसवलं.

डबा म्हणजे रेल्वेचा. थ्रेलबीहून वर डोंगराकडे जाणारी आमची छोटी रेल्वे सरकारनं कधीच बंद केली होती. ती गावानं अंगावर घेतली आणि पुन्हा चालू केली. सगळे बिनपगारी. दाताचा डॉक्टर इंजिनात कोळसा टाकतो, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस सिग्नल पाडतो, आणि मी, ग्लेनिस, जन्मभर शाळेतल्या पोरांना जेवण वाढून झाल्यावर आता गाद्यांत घोड्याचे केस भरते. पण इथंही उच्चनीच आहेच. इंजिनवाले म्हणजे राजे. तोंडाला काजळी फासून फिरतात आणि लोक त्यांचे फोटो काढतात. आम्ही डब्यांच्या शेडमधली माणसं, आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अहो, फोटो इंजिनाचा काढता, पण बसता कशात? इंजिनाला लटकून कुणी वरच्या स्टेशनापर्यंत गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर नॉरिस. पेट्यांच्या धंद्यात त्याचं काम घड्याळासारखं होतं. तिथं उशीर चालत नाही, गिऱ्हाईक टिकत नाही. पण निवृत्त होऊन तो आमच्या शेडमध्ये आला आणि त्याला उमगलं की जगात असंही काम असतं ज्याची कुणालाच घाई नसते. मग काय विचारता! माणूस सुटला. उन्हाळ्यात एक दार घासायला घेतलं की ते संपेपर्यंत पानगळ सुरू व्हायची. रंग द्यायचा, वाळवायचा, घासून काढायचा, पुन्हा द्यायचा. आरशासारखा चकचकीत झाला की आम्ही म्हणायचो, झालं. तो चष्मा कपाळावर चढवून, नाक दाराला टेकवून बघायचा आणि म्हणायचा, "अजून एक हात राहिलाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या नवऱ्यानं कुंपण रंगवताना ते चुकून म्हटलं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं, पण हा डबा होता हेस्टरबाईंचा.

हेस्टर ग्रिमशॉ. नव्वदी कधीच ओलांडलेली, काठीसारखी सरळ, आणि जीभ त्याहून सरळ. जुने डबे चाकं काढून स्वस्तात विकायचे, त्या काळात तिच्या आर्नल्डनं हा विकत घेऊन टेकडीवरच्या वाडीत ठेवला. दोघांचा संसार त्यातच सुरू झाला. एका खणात चूल, एका खणात खाट. पुढे घर बांधलं, डब्यात कोंबड्या आल्या, आर्नल्ड गेला, कोंबड्याही गेल्या. मग तिनं डबा आम्हाला देऊन टाकला, एकाच अटीवर. तो पुन्हा रुळांवर चालेल तेव्हा पहिल्या फेरीत ती त्यात बसणार. त्यांच्या संसारात तो डबा कधी जागचा हललाच नव्हता. आर्नल्ड मात्र रोज रात्री दिवा मालवताना म्हणायचा, "चल हेस्टर, गाडी सुटली." तेवढं एकदा खरं व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि हे मागणं पडलं कुणाच्या पदरात, तर नॉरिसच्या!

दर बुधवारी शेडमध्ये चहाच्या वेळी हेस्टरबाई यायच्या. हातात पार्किनचा डबा, म्हणजे ओट, काकवी आणि आल्याचा केक. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं काम चाललंय त्यानं केक आधी उचलायचा. नॉरिस आधी उचलायचा. मग बाई विचारायच्या, "झालं का?" आणि हा तोंडात केक धरून सांगायचा की अजून एक हात राहिलाय. वर्षामागून वर्षं गेली. बाई आधी चालत यायच्या, मग काठी घेऊन, मग कुणाच्या तरी मोटारीतून. मी नॉरिसला कोपऱ्यात घेऊन झाडलं, की अरे मेलेल्यांना वेळेवर पोचवलंस आणि जिवंत बाईला ताटकळत ठेवतोस, लाज वाटत नाही? तर म्हणाला, "तिला वाईट काम कसं देऊ, ग्लेनिस?" पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्याचे कान टोचले ते हेस्टरबाईंनीच. एका बुधवारी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर झालं. बाईंनी कप खाली ठेवला.

"नॉरिस, मापाची टेप आहे का रे खिशात?"

"आहे की."

"मग माझं माप घे."

नॉरिस केक चावायचा थांबला. बाई उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या डब्यात बसायचं काही माझ्या नशिबात दिसत नाही, पोरा. निदान तुझ्या पेटीत तरी निजेन. ते काम तू वेळेवर करतोस म्हणे."

शेडमध्ये सगळे आपापल्या कपात बघायला लागले. आणि नॉरिसनं काय करावं? त्यानं टेप काढली आणि खरंच माप घेतलं! जन्मभराची सवय, कुणी माप घे म्हटलं की हात आपोआप चालतात. बाईंनी टोपी काढू का म्हणून विचारलं, तर हा म्हणतो, काढा, मापात टोपी धरत नाहीत. उंची झाली, खांदे झाले. लाकडाच्या एका ढलपीवर पेन्सिलीनं आकडे लिहिले आणि ढलपी खिशात टाकली. त्याचे कान लालबुंद झाले होते. केकचा उरलेला तुकडा त्यानं तसाच बशीत ठेवला. नॉरिसनं पार्किन टाकलं, म्हणजे गोष्ट काळजाला लागली होती.

एरवी बुधवारपुरता येणारा नॉरिस दुसऱ्या दिवशी गुरुवार असूनही हजर. शुक्रवारीही, मग रोजच. पेट्यांच्या दुकानातला जुना नॉरिस परत आला होता. दारं बसली, छत बसलं, माझ्या गाद्या बसल्या. आमचे अध्यक्ष रॉडरिक यांना त्यानं स्वतः जाऊन सांगितलं की येत्या शनिवारी डबा निघेल. रॉडरिक यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

एकच गोष्ट मला खटकली. जिथं चुलीचा खण होता तिथं दाराशेजारी एक गंजका, वाकडा खिळा तसाच राहिला होता. माझी बाही त्यात अडकून फाटली. एवढ्या चकचकीत लाकडात हा खिळा! मी पक्कड घेऊन उपटायला गेले, तर नॉरिसनं माझा हात धरला. "राहू दे," एवढंच म्हणाला. घाईघाईत राहिलेलं झाकतोय, असं मला वाटलं.

शनिवार उजाडला तो कडक उन्हाचा. आमच्याकडे असं ऊन वर्षातून दोनदा पडतं. ठरलं होतं असं, की गाडी वरच्या स्टेशनात पोचेल, हेस्टरबाई उतरतील आणि फीत कापतील, मग रॉडरिक भाषण करतील. बाईंनी हट्टानं नॉरिसला आणि मला आपल्याच खणात बसवलं. दार लागलं, शिट्टी झाली, गाडी हलली. बाईंनी आत शिरल्या शिरल्या, इकडंतिकडं न बघता, टोपी काढली होती आणि त्या वाकड्या खिळ्याला अडकवून टाकली होती. मग स्वतःच तिच्याकडे बघत राहिल्या.

"आर्नल्ड त्याची टोपी इथंच अडकवायचा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बोलला होतात एकदा," नॉरिस म्हणाला. मी माझ्या फाटक्या बाहीकडे बघत बसले. डोळे भरून आले होते, काय करणार.

वरचं स्टेशन आलं. जुन्या डब्यांना आतून मूठ नसते. पट्टा ओढून खिडकीची काच खाली करायची आणि हात बाहेर घालून दार उघडायचं. नॉरिसनं पट्टा ओढला. काच हलेना. बाहेरून गार्डनं मूठ फिरवून दार ओढलं, तर दारही हलेना. दुसऱ्या बाजूचंही तसंच. मी नॉरिसकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

"नॉरिस," मी म्हटलं, "काल संध्याकाळी सगळे गेल्यावर तू काय केलंस?"

"कडांना वार्निश जरा फिकं वाटत होतं."

"मग?"

"एक हात दिला."

ओलं वार्निश, बंद दार आणि वरून ऊन. आम्ही तिघं बरणीतल्या मुरंब्यासारखे आत. बाहेर इंजिनवाल्यांना तर पर्वणीच, दाताचा डॉक्टर लगेच पहार घेऊन धावला, बहुधा सवयीनं. ते बघून नॉरिस काचेला नाक लावून असा ओरडला की प्लॅटफॉर्मवरची पोरं दचकली. त्याच्या वार्निशच्या कडेला जो पहार लावेल, त्याची पेटी तो माप न घेताच बनवणार होता. तोवर परतीची वेळ झाली. आमच्याकडे वेळापत्रक म्हणजे धर्म. गाडी सुटली, आम्ही आतच.

खाली पोचलो, दार उघडेना. पुन्हा वर, तरी उघडेना. वर दर खेपेला रॉडरिक कात्री घेऊन पुढे यायचे, हेस्टरबाई काचेतून राणीसारखा हात हलवायच्या आणि गाडी निघून जायची. शेवटी रॉडरिक यांनी फीत स्वतःच कापली आणि भाषण बंद दारालाच ऐकवलं. त्या डब्यात संडास नाही, हे मी सकाळी तीन कप चहा पिताना लक्षात घ्यायला हवं होतं. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

बाई मात्र खिडकीशी बसून होत्या. गाडी खाली उतरताना त्यांनी हळूच म्हटलं, "गाडी सुटली, आर्नल्ड." नॉरिस माफी मागायला लागला, आपल्याच्यानं हात आवरत नाही म्हणाला, सगळ्या दिवसाचा विचका केला म्हणाला. बाईंनी त्याला गप्प केलं.

"एका फेरीचा वायदा होता, पोरा. ही चौथी चालली आहे." मग त्यांनी विचारलं, "ते माझं माप अजून खिशात आहे?"

"आहे." त्यानं मान खाली घातली. "टाकून देतो."

"टाकू नकोस. लाकूड चांगलं बघून घे आणि कामाला लाग. आणि हे बघ, त्याला मात्र हवे तेवढे हात दे. मला जराही घाई नाही."

शेवटी खालच्या स्टेशनावर चहाच्या दुकानातल्या बाईनं केक काढायच्या पात्याला लोणी फासून ते फटीतून फिरवलं आणि दार सुटलं. मी कुणाशी न बोलता धावत सुटले.

आता शेडच्या कोपऱ्यात चादरीखाली एक लांब पेटी असते. तिच्यात तुमचं तोंड दिसेल. हेस्टरबाई अजून दर बुधवारी येतात, पार्किन आणतात, चादर उचलून बघतात आणि विचारतात, "झालं का?" नॉरिस चष्मा कपाळावर चढवतो, नाक पेटीला टेकवतो आणि सांगतो, "अजून एक हात राहिलाय, हेस्टरबाई." बाई त्याला सगळ्यांत मोठा तुकडा देतात. आणि ज्या वाक्यासाठी मी त्याच्याशी इतकी वर्षं भांडले, ते ऐकलं की मी आता मुकाट्यानं उठते आणि त्याचा ब्रश धुऊन आणते.