तिसऱ्या टॅबवरचा रकाना

नवरा गेल्यानंतर सातव्या की आठव्या आठवड्यात मी पुन्हा काम घ्यायला सुरुवात केली. लहान संस्थांना डेटाबेस करून देणं हा माझा घरबसल्याचा व्यवसाय. शाळेचं वाचनालय, सोसायटीच्या सभासदांची यादी, एकदा तर एका रोपवाटिकेची झाडंही मी नोंदवून दिली होती. लोक विचारायचे, "इतक्यात काम?" सकाळी उठून लॅपटॉप उघडायचा आणि संध्याकाळी बंद करायचा, एवढं मला जमत होतं म्हणून करत होते. रडू येत नव्हतं. नणंद फोनवर म्हणायची, "एकदा रडून घे गं." मी "हो, घेते" म्हणायचे. दळण आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं.

काम आलं ते जुन्या पनवेलमधल्या एका धर्मादाय दवाखान्याचं. दोन खोल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक डॉक्टर आणि एक सिस्टर. सिस्टर जासईच्या बाजूच्या गावातून दोन बस बदलून यायच्या. आजूबाजूच्या गल्ल्यांतले पेशंट असत, तसेच डोंगराखालच्या वाड्यांतले आणि वीटभट्ट्यांवरचेही. दवाखान्याला कोणीतरी कॉम्प्युटर देणगी दिला होता आणि आणखी कोणीतरी त्यात पेशंटची माहिती भरायचा फॉर्म करून दिला होता. ऐंशीच्या वर रकाने, एकाखाली एक, सगळे एकाच पानावर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सिस्टर माउसचं चाक फिरवत होत्या.

"बघा मॅडम," त्या म्हणाल्या, "नाव वर, वजन खाली, औषधं त्याच्याही खाली. नाव वर सरकून दिसेनासं झालं की मी कोणाचं भरतेय तेच विसरते. परवा एकीचं बीपी दुसरीच्या नावावर टाकणार होते."

"टॅब करून देते," मी म्हणाले. "ऑफिसच्या फायलीला कडेने कान असतात ना, तसे. एका विषयाचे रकाने एका पानावर. वर त्या पानाचं नाव. नावावर क्लिक केलं की ते पान उघडतं."

"म्हणजे एका वेळी एकच पान दिसणार?"

"हो."

"आणि बाकीची?"

"मागे असतात. क्लिक केलं की पुढे येतात."

त्यांनी मान डोलावली आणि जुन्या केसपेपरचा एक गठ्ठा मला दिला. कॉम्प्युटर येण्याआधी त्या हेच छापील कागद भरत असत. मी तो गठ्ठा नवीन पनवेलला घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. तसंही त्या टेबलावर आता कोणी जेवत नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून खात होते.

काही कागदांच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने तिरकं काहीतरी लिहिलेलं होतं. मी सिस्टरना फोन केला.

"ते होय," त्या म्हणाल्या. "कोणाला कुठलं औषध चालत नाही, ते. कोणाला पुरळ उठतं, कोणाला धाप लागते. छापील कागदात त्याला जागाच नाही. म्हणून मी वर लिहून ठेवते."

"त्याला आपण व्यवस्थित रकाना देऊ," मी म्हणाले.

आठवडाभरात फॉर्म तयार झाला. चार टॅब केले. ओळख, तपासणी, पूर्वीचे आजार, औषधं. पेशंटचं नाव आणि वय टॅबच्या वर एका पट्टीत ठेवलं, म्हणजे कुठलंही पान उघडलं तरी ते समोर राहील. न चालणाऱ्या औषधाचा रकाना मी तिसऱ्या टॅबवर टाकला, पूर्वीची ऑपरेशनं आणि घरातला मधुमेह यांच्या शेजारी. विषयाप्रमाणे तो तिथेच बसत होता. हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही.

'ओळख'मध्ये वैवाहिक स्थितीसाठी पर्यायांची यादी करायची होती. अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा, विधुर. मी पाचही शब्द टाइप केले, वेलांट्या तपासल्या आणि पुढच्या रकान्यावर गेले. फॉर्म नीट चालतो का हे बघायला एक खोटा पेशंट भरावा लागतो. मला काही सुचेना, म्हणून मी माझीच माहिती भरली. नाव, वय, पत्ता. यादीतला चौथा पर्याय निवडला. सेव्ह झालं.

दवाखान्यात फॉर्म सगळ्यांना आवडला. सिस्टर म्हणाल्या, "आता कसं मोकळं वाटतं." डॉक्टर सत्तरीच्या पुढचे, त्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा. त्यांना मी दाखवलं की सकाळी एकदा 'तपासणी'चा टॅब उघडला की पुरे. पेशंट बदलला तरी तोच टॅब समोर राहतो, पुन्हा क्लिक करावं लागत नाही. ते म्हणाले, "हे बरं केलंत." त्यानंतर ते रोज दुपारपर्यंत त्या एकाच पानावर काम करत राहिले.

दोनेक महिन्यांनी सकाळी साडेअकराच्या सुमारास सिस्टरचा फोन आला. मी कपाटातले नवऱ्याचे शर्ट पिशवीत भरत होते. कोणाला तरी द्यायचे म्हणून नणंदेने सांगितलं होतं.

"मॅडम, जरा येता का?" सिस्टरचा आवाज अगदी हळू होता. "एका बाईला त्रास झाला. औषधाने."

मी पिशवी तशीच ठेवली आणि रिक्षा केली.

झालं होतं ते असं. भट्टीवर काम करणारी, पस्तिशीची एक बाई आली होती. पायावर वीट पडून जखम चिघळली होती. डॉक्टरांनी 'तपासणी'च्याच पानावर नोंद केली आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या. ती लांबून उपाशीपोटी आलेली, म्हणून सिस्टरनी तिला बिस्किटं दिली आणि पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. पंधरा-वीस मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. मी पोचले तेव्हा तिकडून निरोप आला होता की आता श्वास ठीक आहे, पण दोन दिवस ठेवून घेणार.

सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला स्क्रीन दाखवली. तिसरा टॅब उघडा होता. त्यातल्या रकान्यात त्याच औषधाचं नाव होतं आणि पुढे 'पुरळ, मागच्या वर्षी'.

"मीच भरलं होतं," त्या म्हणाल्या. "ती पहिल्यांदा आली तेव्हा. मीच विचारलं, मीच टाइप केलं. आज दिसलंच नाय."

डॉक्टर दारात उभे होते. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "गोळी लिहिण्याआधी तोंडाने विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं विचारत आलो. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तो रकाना तिसऱ्या टॅबवर मी टाकला," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज बसच्या वेळा सांगताना असतो तसा आला होता. मला कळत होतं की इथे काहीतरी वाटायला हवं. छातीत, पोटात, कुठेतरी. मी स्क्रीनकडे पाहत होते. रकान्याची डावी कड वरच्या रकान्याच्या कडेशी बरोबर जुळलेली होती. मला तेवढंच दिसत होतं.

सिस्टर उठल्या आणि मला खुर्ची दिली. मी तिथेच बसून तो रकाना तिसऱ्या टॅबवरून काढला आणि टॅबच्या वरच्या पट्टीत, नावाच्या शेजारी आणला. त्यात काही भरलेलं असेल तर मागचा रंग लाल व्हावा अशी सोय केली. रिकामा असेल तर 'विचारले का?' असा प्रश्न तिथे दिसेल असं केलं. मग डॉक्टरांना चारही टॅब उघडून दाखवले. प्रत्येक वेळी पट्टी वर होती. अर्ध्या तासाचंही काम नव्हतं ते.

"आधीच असं झालं असतं तर," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच, "तुम्हाला म्हणून नाही म्हणत."

"म्हणा," मी म्हणाले. "खरंच आहे ते."

नंतरचे तीन दिवस मी रोज दवाखान्यात गेले. जुने कागद आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदी सिस्टर आणि मी एकेक करून ताडून पाहिल्या. त्या कागद वाचायच्या, मी नोंद उघडायची. काही जणांचं कागदावर होतं आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचं राहून गेलं होतं. ते भरलं. दुसऱ्या दिवशी कागदच नसलेली एक नोंद उघडली आणि सिस्टर थांबल्या.

"हे तुम्ही ना?"

मी पाहिलं. माझंच नाव होतं. "टेस्टिंगला भरलं होतं. काढायचं राहिलं."

त्यांनी पत्ता वाचला, वय वाचलं, मग खालचा पर्याय वाचला.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काम घेतलं त्याच्या दोन महिने आधी."

"आणि तुम्ही रोज येताय, जाताय. मी आपली सांगत बसते, हे बटन इथे द्या, ते तिथे द्या."

"त्याने काही बिघडलं नाही, सिस्टर."

"काढून टाकू का ही नोंद?"

"टाका."

त्यांनी ती काढली. 'नक्की काढायची का' असं कॉम्प्युटरने विचारलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, मग हो केलं. त्या दिवसापासून त्या मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागल्या. दुपारी त्यांनी डबा उघडून तांदळाच्या भाकरीवर सुकटीची चटणी घातली आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली.

चौथ्या दिवशी ती भट्टीवरची बाई पायाचं ड्रेसिंग करायला आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, काटक, ओठांच्या कडेला अजून थोडी सूज होती. सिस्टर आत सामान काढत होत्या. मी बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं हाय. पाय दुखतो तेवढाच."

"त्या दिवशी जे झालं..." मी म्हणाले. "तुम्हाला ते औषध चालत नाही, हे लिहिलेलं होतं. पण मी ते अशा जागी ठेवलं की डॉक्टरांना दिसलं नाही. चूक माझी होती."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी डाक्टर हाय?"

"नाही. मी कॉम्प्युटरचं काम करते."

"मंग तुमी गोळी कुठं दिली?"

मला पुढे समजावून सांगता येईना. टॅब म्हणजे काय, मागचं पान म्हणजे काय. मी एवढंच म्हणाले, "तरी पण माझी चूक होती."

"असंल," ती म्हणाली. जरा वेळाने तिने विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"मी एकटीच. नवरा वारला."

"कवा?"

"चार महिने झाले."

"मंग जेवता का नीट?"

"हो, जेवते."

"काय केलं व्हतं काल?"

मी आठवू लागले. आदल्या दिवशी मी घरी गेले होते, दिवा लावला होता, कुकर घासला होता. कुकरमध्ये काय होतं ते मला आठवेना. ती वाट पाहत होती.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, त्यात विशेष काही नसल्यासारखी. तेवढ्यात सिस्टरनी तिला आत बोलावलं.

ड्रेसिंग झाल्यावर ती सिस्टरना म्हणाली, "बाय, ती गोळी मला चालत नाय, हे कागदावर लिवून द्या. भट्टी बंद झाली की आमी वाडीवर जानार. तिकडं दुखलं-खुपलं तर तुमचं मशीन कोन बघल?"

डॉक्टरांनी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर औषधाचं नाव इंग्रजीत आणि मराठीत लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कागद घामाने भिजेल म्हणून मी तो घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि लॅमिनेट करून आणला. अजून गरम होता. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि कमरेच्या चंचीत घालायला गेली, पण तो दुमडेना. शेवटी पोलक्याच्या आत सरकवला.

तिला पायावर भार देता येत नव्हता. मी तिच्याबरोबर नाक्यापर्यंत गेले. तिच्या बाजूला जाणारी सहा आसनी रिक्षा उभी होती, आत दोघंच बसले होते. ती पाय लांब करून मागे बसली. गाडी भरल्याशिवाय सुटणार नव्हती.

"तुमी जावा," ती म्हणाली. "ऊन हाय."

मी "हो" म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. भाजीच्या पिशव्या घेऊन एक बाई आली, मग एक म्हातारा, मग शाळेच्या दोन मुली. ड्रायव्हरने चहाचा कप टाकला आणि गाडी सुरू केली. तिने हात वर केला नाही, नुसतं पाहिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी बसथांब्याकडे चालायला लागले.