बाटलीतला अंगारा

मी दोनशे मीटर पळते, आणि दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही. परदेशातल्या एका स्पर्धेत माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने खोकल्याचं साधं औषध घेतलं. लघवीच्या तपासणीत त्यातलं उत्तेजक सापडलं आणि तिच्यावर बंदी आली. तिचं पळणं तिथेच संपलं. तेव्हापासून बाटलीचं सील मीच फोडते, आणि बाटली नजरेआड झाली की ओतून देते. पेणच्या मैदानावरच्या पोरी पाठीमागे म्हणतात, हिला शिंगं फुटलीत. म्हणोत बापड्या.

गेल्या वर्षी परदेशी स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी पेणजवळ जोह्याला, गावच्या घरी होते. सकाळचा सराव झाला, आंघोळ करून आले, आणि आपल्याच घरात आहे म्हणून बेसावधपणे ओट्यावरची माझी बाटली उचलली. एक घोट घेतलासुद्धा. मग तळाशी राखाडी गाळ दिसला. घरामागेच बाबांचा गणपतींचा कारखाना, म्हणून आधी वाटलं, मूर्तींची माती उडाली असेल. पण झाकण घट्ट होतं.

संशय गेला वहिनीच्या भावावर. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो नुकताच आला होता. जिमला जातो, आणि मागच्या खेपेला कसल्याशा पावडरीचा डबा माझ्यापुढे नाचवत होता. मी अंगणात जाऊन बाटली त्याच्यासमोर आपटली आणि विचारलं, यात काय घातलंस. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून मागे सरकला. वहिनीचं तोंड उतरलं.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "त्याला नको बोलू गो. मीच टाकलाय. रोह्याच्या देवाचा अंगारा हाय. कपाळाला लावला तर घामात पुसून टाकतेस, म्हटलं पोटात जाऊ दे."

खरं तर तिथे माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. नाही पडला. अंगारा कोणी आणला? रोह्याच्या मावशीने. पुडी कुठे होती? मावशीच्या पर्समध्ये, तिच्या गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर. गोळ्या कसल्या? ते आईला काय ठाऊक. मी विचारत राहिले, ती उत्तरं देत राहिली, आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

"माझ्यावर पण संशय काय गो?"

"व्हय," मी म्हटलं.

पाणी तुळशीत ओतलं. मोरीत ओतायचं धाडस मलाही झालं नाही.

स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. पदक हुकलं, पण त्याचं दुःख करायला सवड नव्हती. तिथे घेतलेल्या लघवीच्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत तो एक घोट माझ्या घशातच अडकून होता. नमुना स्वच्छ निघाला. आई फोनवर म्हणाली, देवाने राखलं. मी वाद घातला नाही.

आता घरी गेले की आई पाण्याचा पेला भरते, आधी स्वतः एक घोट पिते आणि मगच माझ्यापुढे धरते. तिला वाटतं, मला विषाची भीती आहे. तिने प्यायल्याने माझ्या तपासणीत काही फरक पडत नाही, हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी पेला घेते. आणि तळ बघूनच पिते.