चढ टाळणारे काकाजी

चढ दिसला की काकाजी पायडल थांबवत, डावा हात मागे नेत आणि कॅरिअरवर बांधलेल्या पोत्याला थोपटून विचारत, "बरं हाय ना?"

पोतं अर्थातच काही बोलत नसे. काकाजी मात्र उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत आणि चढाकडे असे बघत राहत, जसा तो चढ त्यांच्या घरी येऊन काही बोलून गेला असावा. मग बहुतेक वेळा सायकल वळवत. "हे नाही जमत. दुसरीकडून पाहू."

पांढुर्ण्याला मी शाळेत नोकरीला लागलो तेव्हाची, म्हणजे ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. काकाजी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि माझ्या भाड्याच्या खोलीच्या शेजारी राहत. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, डोक्यावर पांढरी टोपी. सकाळी "जयभीम, गुरुजी" म्हणून हाक मारत आणि माझं उत्तर यायच्या आत पुढे गेलेले असत. दर रविवारी कॅरिअरवर एक गच्च भरलेलं पोतं बांधून ते निघायचे, ते दुपार कलल्यावर तेच पोतं घेऊन परत यायचे. अशा माणसाला शेजारीपाजारी काय म्हणतात ते मी सांगायला नको. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच.

रविवारी मला काम नव्हतं, सायकल होती, आणि नसत्या चौकशा करण्याची खोड तर जन्माचीच. मी त्यांच्यासोबत जाऊ लागलो.

त्या माणसानं मला हा मुलूख दाखवला. सावरगावच्या बाजूनं नदी धरून खाली गेलं की संत्र्यांचे बगीचे लागतात, बगीच्यांच्या कुंपणाकडेनं बैलगाडीची वाट जाते, ती पुढे सागाच्या जंगलात शिरते. टेकडी आली की सडक सरळ तिच्या डोक्यावर चढते. काकाजींची वाट टेकडीच्या पायाशी, पळसाच्या झाडांमधून, लांबचा वळसा घेऊन पुन्हा नदीवर यायची. माघात पळस फुलले की त्या वळणावर मी हमखास थांबायचो. काकाजी फुलांकडे बघत नसत. ते जमिनीकडे बघत. खिशातून औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढून त्यावर पेन्सिलीनं लिहीत: "वड. सावली चांगली. विहीर आहे, दोर नाही. कुत्रं भुंकते, चावत नाही. चढ नाही."

"काकाजी, सडकेनं दोन तासात मोहगाव येतं. तुमच्या रस्त्यानं अख्खी सकाळ जाते."

"जाऊ द्या ना गुरुजी. सकाळीले काय काम हाय?"

एका रविवारी बाभळीच्या काट्यानं पोतं फाटलं. मी समजत होतो गहू. निघाली वाळू. जाम नदीच्या पात्रातली, आमच्याच घाटावरची बारीक वाळू. मला हसू आवरेना. "नदीची वाळू नदीलाच फिरवून आणता होय!" असं मी म्हणालो, आणखीही काहीबाही बोललो. काकाजी गुडघ्यावर बसून, सांडलेली वाळू ओंजळीनं परत भरत होते. एक ओंजळ वाया जाऊ देईनात.

"हसू नका गुरुजी," ते म्हणाले. "हे वजन तुमच्या काकीचं हाय."

मग विहिरीपाशी बसून त्यांनी सांगितलं. काकींचा एक पाय लहानपणीच्या तापात गेला होता. गेला म्हणजे होता, पण वाळलेला. घरात त्या भिंत धरून चालत आणि बाहेर निघतच नसत. मी शेजारी राहून वर्ष झालं तरी त्यांना मी फक्त चुलीपाशी बसलेलं पाहिलं होतं. त्यांचं माहेर याच नदीच्या काठी, मोहगावच्या बाजूला. लग्नानंतर एकदा बसनं निघाल्या. बसची पायरी उंच. दोघांनी वरून दंड धरून ओढलं, एकानं खालून ढकललं आणि सगळी बस बघत राहिली. त्या दिवसापासून त्यांनी बस सोडली आणि माहेरही सोडलं. आई-बाप वारले तेव्हासुद्धा गेल्या नाहीत.

"सायकलवर बसतो म्हणते," काकाजी म्हणाले. "पण चढावर उतरून चालावं लागते ना डबलसीटवाल्याले. आन् तिले चालताना कोणी पाहिलेलं खपत नाही. म्हणून असा रस्ता पाहून राहिलो, का दारात बसली, ते थेट माहेरीच उतरली पाहिजे. मधात कुठीच उतरणं नाही."

किती वर्षांपासून पाहून राहिले, असं मी विचारलं. त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली.

मला लाज वाटली, ती मी कबूल करतो. आणि लाज वाटली की मी काहीतरी भलं करायला जातो, हा माझा दुसरा दोष. पांढुर्ण्याहून सकाळी मोहगावकडे सुटणाऱ्या बसचा कंडक्टर माझ्या ओळखीचा होता, मनानं फार चांगला. त्याच्या कानावर मी गोष्ट घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक लाकडी स्टूल आणि दोन हमाल घेऊन काकींच्या दारात उभा. "चला माय! पायरीले स्टूल लावतो, फुलासारखं चढवतो तुमाले!" असं तो गल्लीभर ऐकू जाईल इतक्या आनंदानं ओरडला. सगळी गल्ली बाहेर आली.

काकींनी आतून दार लावून घेतलं. ते दिवसभर उघडलं नाही.

संध्याकाळी काकाजी माझ्याकडे आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "गुरुजी," ते हळूच म्हणाले, "इतके दिवस ती माणूस होती. तुमी तिचं सामान केलं." एवढंच बोलून गेले. रस्ता तोवर पार गावापर्यंत जुळत आला होता, पण त्यानंतर पोतं त्यांच्या ओसरीवर पडून राहिलं. काकींनी माहेरचं नाव काढायचं नाही असं सांगून टाकलं होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काकाजी रविवारी घरीच बसत. मी सायकल काढली की खिडकीतून बघत आणि मी बघितलं की आत होत.

शेवटी एक दिवस मीच धीर करून त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसलो. माफी कशी मागायची ते मला येत नाही, मी नुसता बसलो. काकींनी चहा पुढे केला.

"तुमी भल्यासाठीच केलं, मले समजते," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ विस्तव सारखा करत राहिल्या. "यांचा जीव लागून राहिला त्या रस्त्यात. घरात बसून झुरून राहिले. येईन मी. पण तुमी समोर चाला आन् मागं पाहाचं नाही."

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही निघालो. पौर्णिमेचं म्हणून काकी पांढरं लुगडं नेसल्या होत्या. कॅरिअरवर गोधडीची घडी, पाय ठेवायला काकाजींनी स्वतः बसवून घेतलेली लोखंडी पट्टी. मी पुढे. मागे चेनचा आवाज आणि त्यावर काकाजींचं एकसारखं बोलणं. "हा वड बरं. ही विहीर. आता एक कुत्रं भुंकन, घाबरू नको." कुत्रं खरंच भुंकलं आणि काकी हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. पळसाला कळ्या धरल्या होत्या. एकही चढ लागला नाही. इतक्या टेकड्यांच्या मुलखात एकही चढ न लागता माणूस जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी पटलं.

गाव दिसू लागलं आणि माझी सायकल थांबली. पुढे वाटच नव्हती. नदीला मिळणाऱ्या नाल्यानं त्या पावसाळ्यात काठ खाल्ला होता. जिथे सपाट गाडीवाट होती तिथे खोल घळ पडली होती, आणि पलीकडचा चढ पुरुषभर. त्याच्या पुढे नदीकडेला आठ-दहा बाया धुणं धूत होत्या. त्यांनी हात थांबवून आमच्याकडे बघायला सुरुवात केली.

काकाजींचं बोलणं बंद पडलं. मग त्यांचा आवाज आला, पार खाली गेलेला. "मी पावसाळ्यानंतर येऊन पाह्यलंच नाही. चुकलं माह्यं. वापस जाऊ."

मी नदीकडे तोंड करून उभा होतो.

"सायकल धरा," काकी म्हणाल्या.

"कायले?"

"उतरतो मी."

"अवं, समोर बाया हायेत."

"दिसून राहिल्या मले. तुमाले घाम किती आला, थे बी दिसून राहिलं. धरा."

त्या माझ्या बाजूनं पुढे गेल्या. आता न बघून मी करणार काय? एका हातानं गुडघा दाबून, अंग एका बाजूला टाकत त्या घळीत उतरल्या. मी पुढे झालो तर त्यांनी नुसता हात वर करून मला थांबवलं. पलीकडचा चढ त्या मातीला हात लावून चढल्या आणि वर उभ्या राहिल्या. पांढऱ्या लुगड्याला तांबडी माती लागली होती.

धुण्याच्या दगडांपाशी एक अगदी म्हातारी बाई उन्हात बसली होती. तिनं कपाळावर हात धरला. काकी आणखी चार पावलं चालल्या आणि म्हातारी ओरडली, "शेवंते! तू व्हय का वो?"

काकी जागच्या जागी थांबल्या.

"तोंड नाही दिसत मले आता," म्हातारी उठायची धडपड करत म्हणाली. "चालीवरून वळखलं तुले. या गावात दुसरं कोणी असं चालत नव्हतं, माय. किती वर्सं वाट पाह्यली!"

काकाजींना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्यांचे ते पुठ्ठे कुठे गेले मला माहीत नाही. मी सौंसरला बदलून गेलो आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांत भेटायला जाऊ शकलो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्यांची आठवण आली की ते मला त्या घळीच्या अलीकडेच दिसतात. पलीकडे बायांनी हातातले कपडे टाकून काकींना घेरलं होतं, आणि काकी म्हातारीचा हात धरून तिलाच गावाकडे घेऊन निघाल्या होत्या. भिंत नाही, कोणाचा आधार नाही. मी म्हणालो, "चला काकाजी, सायकल उचलून नेऊ." ते हलले नाहीत. दोन्ही हातांनी हँडल धरून बघत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"मले मालूमच नव्हतं, गुरुजी," ते म्हणाले, "ही इतकी जोरानं चालते म्हणून."