किटलीचा ‘मी’

ओरिएबाईंच्या घरातून ‘मेलो, मेलो’ असं ऐकू आलं तरी गल्लीत कुणी मान वर करत नाही. नवा भाडेकरू तेवढा एकदा धावत येतो, मग दारात बूट काढून चहा पिऊन जातो.

बाईंचा धंदाच तो. युगेमारु नावाची खेळण्यातली किटली आहे. झाकण फिरवलं की तिला हातपाय फुटतात आणि यंत्रमानव उभा राहतो. खेळण्यावरून कार्टून आलं, कार्टूनवरून व्हिडिओ गेम आले, आणि पहिल्यापासून युगेमारुचा आवाज ओरिएबाईंचा. कार्टूनमध्ये निदान वाक्यं तरी असतात. गेममध्ये सगळा कण्हण्याचा मामला. उडी मारताना ‘हॅ’, आपटल्यावर ‘आयाया’, आगीत पडल्याचं ओरडणं वेगळं, दरीत पडल्याचं वेगळं. किटली पाण्यात पडली तर तिला आनंद व्हायला हवा, यावरून बाईंनी एकदा कंपनीत वाद घातला होता. तेव्हापासून युगेमारु तळ्यात पडला की खुशीत गुडगुडतो.

यंदा कंपनीला वाटलं, किटलीनं आता मोठं व्हावं. नव्या गेममध्ये युगेमारु स्वतःला ‘बोकु’ म्हणणार नव्हता, ‘ओरे’ म्हणणार होता. जपानीत अर्थ दोन्हींचा ‘मी’च. पण बोकु म्हणणारा मुलगा आईचं बोट धरून असतो आणि ओरे म्हणणारा खिशात हात घालून उभा असतो. ओरिएबाई स्वतः ‘वाताकुशी’ म्हणणाऱ्या, म्हणजे ‘मी’ म्हणतानासुद्धा कमरेत वाकणाऱ्या. कंपनीनं फार नम्रपणे कळवलं की आधी आवाजाची चाचणी घेऊ. नाहीच जमलं तर एक तरुण मुलगा बघून ठेवला आहे, बाईंनी मुळीच ताण घेऊ नये. एवढी नम्रता पाहूनच बाई धास्तावल्या. नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी निगाताला गेला, घरात बोलायला उरला तो युगेमारु. तोही परक्याच्या तोंडून बोलायला लागला तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना सुचेना.

सराव बाजारात सुरू झाला. तोफूवाल्या हामागुचीला त्यांनी आवाज जाड करून सांगितलं, ओरेला एक मऊ तोफू दे. हामागुचीनं आधी घसा बसलाय का विचारलं. नाही म्हटल्यावर आणखी हळू आवाजात विचारलं, डॉक्टरकडे सोबत येऊ का. खरं कारण कळलं तेव्हा तो असा हसला की हातातली तोफूची वडी फुटली.

“ओरिएसान, राग मानू नका,” तो डोळे पुसत म्हणाला, “पण तुम्ही ओरे म्हणता ना, ते आधी परवानगी काढून आल्यासारखं वाटतं.”

फुटलेला तोफू घेऊन बाई घरी आल्या. त्यांनी आरशासमोर पाय फाकवून पाहिले, नवऱ्याचं जुनं जाकीट घालून पाहिलं. जाकिटाला कापराचा वास येत होता, त्यानं नुसत्या शिंका आल्या. शेवटी मुलाला फोन लावला.

“सेइगो, तू ओरे म्हणायला कसा शिकलास रे?”

“आई, मी ऑफिसात आहे.”

“असशील. सांग.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. मग चाळिशीचा सेइगो कुजबुजत म्हणाला, “न्हाणीत. टबात बसून, तोंड पाण्याशी नेऊन म्हणायचो. मग एकदा जेवताना तुझ्यासमोर म्हणालो. घाबरलो होतो, शब्द मधेच फाटला.”

“आणि मी काय केलं?”

“हसलीस. ‘हे ओरेसाहेब कोण, पाहुणे आलेत का’ म्हणालीस. मग वर्षभर मी तुझ्यासमोर ‘मी’ म्हटलंच नाही. ‘भूक लागलीय’, ‘झोप आलीय’, एवढंच.”

बाईंना हे काहीच आठवेना, आणि आठवेना याचंच फार वाईट वाटलं. त्यांनी माफी मागितली, तर सेइगो म्हणाला, जाऊ दे, मीटिंग आहे.

चाचणीच्या दिवशी बाईंनी आवाज जाड केलाच नाही. काचेपलीकडे दिग्दर्शिका मुरोनाका आणि कंपनीची माणसं बसली होती. एकच वाक्य होतं: “इथून पुढे ओरे एकटा जाणार.” कुणीतरी आता हसणार आहे, हे ठाऊक असलेल्या पोराच्या तोंडानं बाई ते बोलल्या. शब्द मधेच फाटला.

बाईंनी वाकून क्षमा मागितली आणि पुन्हा एकदा घ्या म्हणून विनंती केली.

“पुन्हा नको,” मुरोनाकाबाईंचा आवाज आला. “हाच ठेवतेय. युगेमारु तुमचाच.” मग त्या म्हणाल्या, “परवा आमचा मुलगा जेवताना अगदी असंच म्हणाला. मी हसले हो त्याला.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माइकजवळ सरकल्या.

“त्याला ते जन्मभर आठवेल,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही विसरून जाल. तेव्हा आजच बोला त्याच्याशी.”