काठीवरची खूण

परभणीच्या शोरूममध्ये बाबा आणि मी माझ्यासाठी गाडी बघायला गेलो होतो. तिथे एक काका फरशीवर वाकून एका महागड्या हॅचबॅकखाली वीतभर काठी उभी सरकवत होते. काठी अडकली.

“काका, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर आहे,” सेल्समन म्हणाला.

“तुमच्या फरशीवर हाय. पेडगावात आमच्या शेतातल्या घराकडं गाडीवाट जाते. तिच्या दोन चाकोऱ्यांच्या मधी जेवढा उंचवटा हाय, तेवढीच काठी कापून आणलीय.”

सेल्समनने लगेच शेजारची उंच एसयूव्ही दाखवली. काकांनी तिचं दार उघडून पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि परत हॅचबॅकच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. उठले, पुन्हा बसले. गुडघ्यांवर हात न टेकता उठता येतं का, एवढंच ते बघत होते.

“आईला हीच जमंल, ताई,” ते मला म्हणाले. “उंच गाडीत चढायचं म्हणलं की लय तरास होतो तिला.”

मी अनोळखी माणसांशी सहसा बोलत नाही. तरी विचारलं, “पण काठी तर अडकली ना?”

“आईचे गुडघे आता दुरुस्त व्हायचे न्हाईत. वाट व्हईल.”

त्यांनी खिशातल्या किल्लीने काठीवर वरच्या टोकापासून दोन बोटं खाली खूण केली. तेवढा उंचवटा खोदून ते पुढच्या आठवड्यात गाडी ठरवायला येणार होते.

याच गाडीचे गुणदोष मी फोनमध्ये लिहून नेले होते. मायलेज, एअरबॅग, डिकी.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईला शोरूममध्ये घेऊन गेले आणि आधी तिला मागच्या सीटवर बसवलं.