तिसऱ्या रांगेतलं हसू

सांगवीच्या जोतीराम कोकरेचं हसू ज्यानं ऐकलं नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही. ते पोटातून निघतं, छातीत जरा अडतं आणि मग एकदम फुटतं. शेजारी कितीही सुतकी चेहऱ्याचा माणूस बसलेला असू द्या, हे हसू ऐकलं की त्याचे दात दिसलेच म्हणून समजा. एरवी माणूस साधा. शेतात ठिबकच्या नळ्या जोडून द्यायचं काम करतो आणि दिवसभर उसाच्या सरीत वाकलेला असतो. पण बारामतीत नाहीतर इंदापुरात कुठं ऑर्केस्ट्रा, गाण्याची मैफल किंवा विनोदाचा कार्यक्रम लागला, की गडी हातातली नळी तिथंच टाकून मोटारसायकलला किक मारणार. हे वेड लग्नाच्याही आधीचं.

त्यानं काय काय बघितलं, ते विचारू नका. विचारलंत तर तुमची संध्याकाळ गेली. इंदापुरात गणपतीत एकदा पाण्याच्या टँकरवर बसून त्यानं सबंध ऑर्केस्ट्रा ऐकला आणि खाली उतरताना पँट फाडून घेतली. बारामतीच्या एका मैदानावर मोठ्या गायकाची मैफल होती, तेव्हा लोखंडी कठड्यांच्या आत तो तीन तास असा चेंबला होता की लघवीला जायची सोय नव्हती आणि खिशातला हात वर काढायची जागा नव्हती. तरी घरी येऊन बायकोला, सोनमला म्हणाला, "आयुष्याचं सोनं झालं बघ." एकदा ऐन गाण्यात वीज गेली, माईक मेला, आणि एक पोक्त बाई स्टेजच्या कडेला येऊन नुसत्या गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत गायली. ते सांगताना जोतीरामचे डोळे अजून भरतात. टीव्हीवर, मोबाईलवर त्याला काही बघायचं नसतं. माणसानं माणसापुढं उभं राहून गावं, बोलावं, चुकावं, सावरावं, ह्याचं त्याला अप्रूप.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडं कार्यक्रम फुकट असतो, कुणाच्या तरी वाढदिवसाचा किंवा संस्थेच्या वर्धापनदिनाचा. पहिल्या रांगेत सोफे. सोफ्यावर मानकरी. आधी दीड तास शाल, नारळ, सत्कार, मनोगत. आणि मग कलाकार आला, त्यानं विनोद केला, की मागची हजारभर माणसं आधी सोफ्याकडं बघतात. साहेब हसले तर हसायचं. साहेब मोबाईलमध्ये असले तर आपण कसं हसणार? बिचारा कलाकार घामाघूम होतो आणि पुण्याला जाऊन सांगतो, तिकडच्या लोकांना विनोद कळत नाही. कळतो हो, चांगला कळतो! पण पहिलं कुणी हसायचं, हा प्रश्न असतो.

जोतीराम सोफ्याकडं बघत नसे. तो हसून मोकळा होई, आणि तो हसला की सगळं सभागृह सुटे. ही गोष्ट पहिल्यांदा हेरली दिग्विजयनं. दिग्विजय म्हणजे बारामतीतला कार्यक्रम भरवणारा माणूस. स्टेज, लाईट, साउंड, कलाकार आणणं, सगळं त्याच्याकडं. एका कार्यक्रमानंतर त्यानं जोतीरामला चहाला नेलं आणि खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जोतीराव, तुमी मागं कशाला बसता? तिसऱ्या रांगेत, मधोमध, तुमची खुर्ची कायमची. फक्त मी पडद्याआडनं बोट वर केलं की तुमी सुरू करायचं."

जोतीराम हरभऱ्याच्या झाडावर चढला. आयुष्यभर भिंतीला टेकून, झाडावर बसून कार्यक्रम बघितलेल्या माणसाला मधोमध खुर्ची! त्याला वाटलं, देव पावला. तो देव कसला होता, हे कळायला दोन वर्षं गेली.

कारण तिसऱ्या रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला उठता येत नाही. दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा माणसांचे गुडघे. खोकला आला तर गिळायचा. गाणं ऐकत डोळे मिटायची सोय नाही, कारण बोट कधी वर होईल सांगता येत नाही. एकाच विनोदवीराचा तोच कार्यक्रम बारामती, इंदापूर, भिगवण असा अकरा वेळा झाला, आणि तोच सासूचा विनोद जोतीरामनं अकरा वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसून काढला. बाराव्या वेळी त्यानं दिग्विजयला फोनवर सांगितलं, अंगात कसर आहे, येत नाही. तर दिग्विजयनं गाडीच पाठवली. लोकही विचारत, "आज जोतीभाऊ हाईत ना? मग मजा हाय." नाव झालं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सोनम एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळ्या तालुक्यात हसताय. घरात कवा हसला, आठवतंय का?" त्याला खरंच आठवेना.

जोतीरामचे वडील आबाजी. जन्म मेंढरांमागं गेलेला. बारा वर्षांपूर्वी गुडघे गेले तेव्हा त्यांनी कळप विकला आणि लेकाच्या घरी ओट्यावर बसले. बोलणं मुळात कमी. मेंढरांमागं बोलणार कुणाशी? जोतीराम किती वर्षं मागं लागला होता, आबा, एकदा चला, कार्यक्रम बघा. आबाजी मान हलवून नको म्हणत. पण पारावर लोक सांगायला लागले, आबाजी, पोरगं हसलं की सभागृह हलतंय. तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं, बघावं तरी. एके दिवशी स्वतःच म्हणाले, "जोत्या, मला बी ने तुझ्या त्या ठिकाणी."

जोतीरामला कोण आनंद झाला! दिग्विजयनंही मोठेपणा केला. वडील म्हणून आबाजींना दुसऱ्या रांगेत, सोफ्यांच्या बरोबर मागं खुर्ची दिली. बारामतीच्या नाट्यगृहात एसीचा गारवा फार, म्हणून आबाजी खांद्यावर घोंगडी घेऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, पिवळा फेटा. जोतीराम मागच्या रांगेतून फेट्याकडं बघत बसला. पुण्याचा एक नव्या पद्धतीचा विनोदवीर होता, एकटाच माईक घेऊन उभा राहणारा, समोरच्या प्रेक्षकांना प्रश्न विचारून त्यांची फिरकी घेणारा. असल्या कलाकाराचं अर्धं पोट समोरच्या माणसांवर भरतं. कुणाची ढेरी, कुणाचं टक्कल, असं करत करत त्याची नजर घोंगडीवर गेली.

"आजोबा, मेंढरं बाहेर पार्किंगला लावली का?"

सभागृहात जराशी खसखस पिकली. एका पोरानं आबाजींपुढं माईक धरला. आता शहाणा माणूस अशा वेळी हसून हात हलवतो आणि सुटतो. आबाजींना ते कुठं ठाऊक? एवढ्या मोठ्या ठिकाणी, एवढ्या माणसांत, एका नीट कपड्यांतल्या माणसानं आपल्याला मेंढरांबद्दल विचारलं. ते काठीला धरून उभे राहिले. सोफ्याकडं वळून नमस्कार केला आणि म्हणाले,

"न्हाय बाबा. इकली. बारा वरसं झाली."

कलाकार पुढं काही बोलणार, तोवर आबाजीच बोलायला लागले.

"एकशेवीस व्हती. पावसाळा सरला की भीमंच्या कडंनं नरसिंहपुरापातूर न्यायचो. इकली त्या दिशी टेम्पोत भरली. टेम्पो फाट्यापातूर गेला आन एक मेंढी फळीवरनं उडी मारून माघारी आली. लंगडत आली. माझ्या पायापाशी येऊन हुबी ऱ्हायली. मी तिला परत न्हेऊन टेम्पोत घातली. पैसं घेतलं व्हतं ना."

सभागृह गप्प झालं.

इतके कार्यक्रम बघितलेल्या जोतीरामला गप्प बसण्याच्या जाती माहीत होत्या. एक गप्प असतं कंटाळ्याचं. त्यात खुर्च्या करकरतात, माणसं मोबाईल काढतात. दुसरं गप्प असतं धरून ठेवलेलं. त्यात कुणी श्वास मोठ्यानं घेत नाही. ते त्यानं आयुष्यात तीन-चार वेळाच ऐकलं होतं, त्या वीज गेलेल्या दिवशी वगैरे. आज ते त्याच्या बापानं धरलं होतं. सोफ्यावरच्या साहेबांनीसुद्धा मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला होता. शेजारच्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. हे सगळं जोतीरामला दिसत होतं, कळत होतं.

पण स्टेजवरचा गडी गडबडला. विनोदाच्या कार्यक्रमात माणसं अशी बसलेली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पडद्याकडं बघितलं. पडद्याआडून दिग्विजयचं बोट वर आलं. एकदा. पुन्हा. मग सगळा हातच वर आला आणि हलायला लागला.

जोतीरामनं मान खाली घातली. उठून जावं म्हटलं, तर दोन्हीकडं गुडघे. बसून राहावं म्हटलं, तर आजूबाजूची चार-दोन ओळखीची माणसं त्याच्याच तोंडाकडं बघायला लागली होती, हसायचं आहे का, हे विचारल्यासारखी. दोन वर्षांत पोटाला जे वळण लागलं होतं, त्यानं डोक्याला विचारलं नाही. पोटातून ते निघालं, छातीत जरा अडलं. तेवढ्यात त्यानं दात आवळले असते तर? आवळले नाहीत. हसू फुटलं.

आणि मग सगळं सभागृह सुटलं. हजार माणसं हसली. कलाकारानं सुटकेचा श्वास टाकून वर आणखी एक कोटी जोडली, "आजोबा, ती मेंढी हुशार होती, तुम्हीच टेम्पोत बसायला पाहिजे होतं!" पुन्हा हशा. आबाजी माईकपुढं तसेच उभे होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ते हसू त्यांनी लेकाच्या लहानपणापासून ऐकलेलं होतं. हळूच खाली बसले आणि खांद्यावरची घोंगडी घडी करून मांडीवर घेतली. पुढचा तासभर जोतीरामला फक्त तो पिवळा फेटा दिसत राहिला. बोट आणखी सात वेळा वर आलं आणि जोतीराम सात वेळा हसला. लाज वाटते सांगायला, पण हसला.

परतताना मोटारसायकलवर आबाजी एवढंच म्हणाले, "गार लई व्हतं आत."

आठवडाभरात त्या प्रसंगाचा व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाईलवर पोचला. पोरं आबाजींना ओट्यावर येऊन दाखवत आणि ते मान डोलवत. दिग्विजयचा फोन आला, "जोतीराव, लाखात गेलंय! पुढच्या कार्यक्रमाला इंदापुरात आबांना पण घेऊन या. त्यांनाच सत्काराला बसवू." जोतीरामनं फोन बंद करून ठेवला. तीन दिवस कामाला गेला नाही. एकटं बसावं तर ते हसू कानात, माणसांत जावं तर माणसं म्हणायची, जोतीभाऊ, एकदा हसून दाखवा की. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणाच्या नावानं?

चौथ्या दिवशी सकाळी आबाजी ओट्यावर दाढी करत बसले होते. जोतीराम त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून खाली पायरीवर बसला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "आबा, तुमाला माझा राग आलाय."

"राग कशाचा?" आबाजींनी वस्तरा पाण्यात बुडवला. त्यांचा आवाज खरंच रागाचा नव्हता. "माझंच चुकलं. मी उगा बोलत बसलो. समदी गप झाली, तवा मला वाटलं, ऐकत्यात. मला बरं बी वाटलं जरा. इतकी माणसं कवा ऐकाय बसली व्हती माझं? मग तू हसलास, तवा कळलं, चेष्टा चाललीया."

जोतीरामनं पायरीवरून उठून बापाचे गुडघे धरले.

"न्हाय आबा. ती ऐकतच व्हती. आयशप्पत सांगतो, समदं सभागृह ऐकत व्हतं. मी इतकं कार्यक्रम बघितलं, पर असं ऐकताना माणसं मी..."

आबाजींनी साबणाचा फेस लागलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि लहान पोराची समजूत काढावी तसे हसले.

"असूं दे रं," ते म्हणाले. "कुठं हसायचं, ते माझ्यापरीस तुला जास्ती कळतंय."